शंभर गोळ्यांचा हिशोब : गृहभेटीतील उपशामक सेवेचे एक प्रकरण

परिचर्येच्या विद्यार्थ्यांसमोर आणि उपकेंद्रांवर काम करणाऱ्यांसमोर चर्चेसाठी ठेवता यावे, म्हणून उपशामक सेवेचे, म्हणजे गंभीर आजारात वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या सेवेचे, हे प्रकरण लिहिले आहे. यातील घर कोणा एका कुटुंबाचे नाही. सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडील दुष्काळी पट्ट्यात अशा गृहभेटींमध्ये जे पुन्हा पुन्हा समोर येते, ते एका घरात आणून मांडले आहे. त्यामुळे गावाचे, रुग्णालयाचे किंवा माणसांचे नाव कोठेही दिलेले नाही. गोळ्यांचे आणि मात्रेचे गणित मात्र शेवटपर्यंत तपासून ठेवले आहे, कारण या प्रकरणाचा सगळा भार त्या गणितावर आहे.

रुग्ण आणि घर

रुग्ण ६२ वर्षांचे, चार एकर कोरडवाहू जमीन कसणारे शेतकरी. विशीपासून तंबाखू आणि चुन्याची सवय. डाव्या गालाच्या आतील बाजूस झालेल्या कर्करोगावर मुंबईत शस्त्रक्रिया झाली, नंतर किरणोपचार झाले आणि चौदा महिन्यांनी आजार त्याच जागी परतला. या वेळी गाठ बाहेरच्या अंगाने फुटली आणि गालापासून मानेपर्यंत जखम झाली. जबडा एका बोटापेक्षा जास्त उघडत नव्हता, बोलणे घरच्यांनाही नीट समजत नव्हते आणि पोटात जे काही जाई ते नाकातून घातलेल्या नळीवाटेच जाई. आजार बरा करणारा उपचार आता शक्य नाही, असे डॉक्टरांनी थोरल्या मुलाला सांगितले. 'आता घरी न्या' या तीन शब्दांचा अर्थ बहुतेक कुटुंबे 'आता काही करायचे उरले नाही' असा घेतात आणि या कुटुंबानेही तो तसाच घेतला होता.

घरात पत्नी, धाकटा मुलगा, सून आणि तिसरीत शिकणारा नातू. थोरला मुलगा वाशीच्या बाजार समितीत माथाडी कामगार. त्या भागातल्या कितीतरी घरांतला एक मुलगा तिथेच असतो. धाकटा सकाळी रानात जाई आणि अंधार पडल्यावर परत येई. म्हणजे औषधे देणे, नळीतून पेज घालणे, जखम पुसणे हे सारे पत्नीकडे आले होते. या बाईंना सगळे मावशी म्हणत आणि रुग्णाला आबा. पुढे हीच संबोधने वापरली आहेत.

जिल्ह्याच्या ठिकाणच्या रुग्णालयात आठ दिवस ठेवून आबांच्या वेदनेवर मॉर्फिन या तीव्र वेदनाशामकाची मात्रा बसवण्यात आली. दहा मिलिग्रॅमची गोळी सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा या वेळांना एक आणि रात्री दहाला दोन, म्हणजे रात्री दोन वाजता उठवावे लागू नये. दिवसाला सहा गोळ्या, साठ मिलिग्रॅम. चौदा दिवसांच्या ८४ आणि मधेच कळ आली तर द्यायच्या जादा १६, अशा शंभर गोळ्या घरी दिल्या गेल्या. सोबत बद्धकोष्ठ होऊ नये म्हणून बिसाकोडिलच्या गोळ्या होत्या. सुटीच्या कागदावर 'औषधांबाबत समुपदेशन केले' या ओळीसमोर खूण होती. ही खूण लक्षात ठेवावी.

दहाव्या दिवसाची भेट

या रुग्णालयाच्या गृहभेट पथकात एक डॉक्टर, दोन परिचारिका, एक समाजसेविका आणि एक गाडी. डॉक्टर महिन्यातून एकदा प्रत्येक घरी जाऊ शकतात. मधल्या भेटी परिचारिकेच्या. दहाव्या दिवशी सिस्टर एकट्या गेल्या, तेव्हा आबा पडवीत भिंतीकडे तोंड करून पडले होते. जखमेच्या वासामुळे त्यांचे अंथरूण माजघरातून पडवीत आले होते आणि पडवीपलीकडे गोठा होता.

वेदना किती, हे विचारताना शून्य ते दहाची पट्टी शिकवली जाते. सिस्टरांनी ती बाजूला ठेवली आणि रुपयातले किती आणे दुखते, असे विचारले. नातवाची पाटी उशाशीच होती, कारण आबा तिच्यावर लिहूनच बोलत. त्यांनी 'बारा' लिहिले, थोडे थांबून ते पुसले आणि 'चौदा' लिहिले. रुग्णालयातून निघताना हा आकडा चारवर होता.

सिस्टरांनी डॉक्टरांना फोन लावला. दहा दिवसांत वेदना इतकी वाढली, तर आजार पुढे सरकला असेल, मात्रा अपुरी पडत असेल, असा डॉक्टरांचा अंदाज होता आणि हातात असलेल्या माहितीवर तो चुकीचा म्हणता येणार नाही. दहाऐवजी पंधरा मिलिग्रॅम द्यावे, म्हणजे दिवसाला नव्वद, असे ठरत आले होते. सिस्टरांनी एवढेच म्हटले, की अर्धा तास द्या, मी घरातली औषधे पाहते आणि परत फोन करते.

औषधे देवघराखालच्या फळीवर, पत्र्याच्या डब्यात होती. सिस्टरांनी डबा मागितला आणि मावशींच्या समोरच, त्यांना सोबत घेऊन, गोळ्या मोजल्या. सात स्ट्रिप कोऱ्या होत्या आणि आठवीत एक गोळी होती. एकूण ७१. नऊ दिवस पूर्ण झाले होते, तेव्हा नियमित गोळ्याच ५४ जायला हव्या होत्या आणि जादा गोळी एकही घेतली नसती तरी डब्यात ४६ पेक्षा जास्त उरायला नको होत्या. प्रत्यक्षात नऊ दिवसांत २९ गोळ्या गेल्या होत्या, दिवसाला जेमतेम तीन. कागदावर साठ मिलिग्रॅम असलेली मात्रा घरात बत्तीसच्या आसपास होती आणि ठरलेल्या वेळांऐवजी कण्हणे असह्य झाले की दिली जात होती.

नव्वद मिलिग्रॅमचा आदेश त्या दिवशी गेला असता तर काय झाले असते? मावशींनी आपल्या पद्धतीने तो अर्धाच पाळला असता, तर काहीच फरक पडला नसता आणि पुढच्या फोनवर मात्रा आणखी वाढली असती. पण त्याच शनिवारी थोरला मुलगा वाशीहून येणार होता. कागदावर लिहिलेले अक्षरशः पाळणारा तो माणूस. त्याने घड्याळ लावून गोळ्या सुरू केल्या असत्या, तर बत्तीसवरून नव्वदवर, म्हणजे जवळजवळ तिप्पट उडी एका दिवसात पडली असती. मॉर्फिनची मात्रा पायरीपायरीने वाढवली तर ते औषध सुरक्षित असते. श्वास मंदावण्याची भीती अशा अनवधानाने मारलेल्या उड्यांमध्ये असते. परिचारिकेने डबा उघडला नसता, तर डॉक्टरांचा निर्णय नसलेल्या वस्तुस्थितीवर उभा राहिला असता. उपशामक सेवेत परिचारिका डॉक्टरांना 'मदत' करते, हे वाक्य पाठ्यपुस्तकांत फार सैलपणे येते. येथे तिने निर्णयाखालची जमीनच तपासली आणि ती तिथे नव्हती, असे दाखवून दिले.

गोळ्या का दिल्या गेल्या नाहीत

या प्रश्नाचे 'अज्ञान' हे सोपे उत्तर अहवालात लिहून टाकता आले असते. सिस्टरांनी ते लिहिले नाही. त्यांनी मावशींना चुलीपाशी गाठले, डब्याविषयी एक अक्षर न काढता दिवस कसा जातो ते विचारले आणि उत्तरे एकेक करून बाहेर आली.

पहिले कारण भीतीचे होते. मावशी म्हणाल्या, "गोळी दिली की डोळं मिटून पडत्यात. झोपंतच गेलं तर माझ्या हातानं गेलं म्हणत्याल लोकं." शेजारच्या एकाने ही अफूची गोळी आहे, सवय लागते, असेही सांगितले होते. यात एक गोष्ट खरी होती आणि सिस्टरांनी ती नाकारली नाही: मॉर्फिन अफूपासूनच मिळते. वेदनेसाठी ठरल्या वेळी, ठरल्या मात्रेत घेणारा माणूस सहसा व्यसनी होत नाही आणि पहिल्या दोन-तीन दिवसांची ती गाढ झोप पुष्कळदा कित्येक रात्रींची तुंबलेली झोप असते, हे त्यांनी आबांच्याच उदाहरणावरून समजावले. शिवाय आबांची गुंगी वाढलेली दिसण्याचे एक घरगुती कारणही निघाले. दिवसभर गोळी टाळायची आणि रात्री कण्हणे ऐकवेनासे झाले की दोन एकदम द्यायच्या, असे चालले होते. सहा-सात तास कोरडे आणि मग एकदम वीस मिलिग्रॅम, झोप येणारच.

दुसरे कारण काटकसरीचे होते आणि मला ते या प्रकरणातले सर्वांत महत्त्वाचे वाटते. हे औषध तालुक्यात मिळत नाही. मॉर्फिन ठेवण्याची आणि देण्याची मुभा मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना असते, त्यामुळे ते आणायला धाकट्याला पहाटेच्या एसटीने जिल्ह्याला जावे लागे आणि एक दिवसाचे काम बुडे. गोळ्या संपल्या आणि पुढे दुखणे आणखी वाढले, तर काय करायचे? म्हणून मावशी त्या मागे टाकत होत्या. ज्या मुलखात पाऊस दगा देतो, तिथे कणगीतले धान्य असेच पुरवून पुरवून वापरतात आणि त्यात शहाणपण असते. मॉर्फिनला मात्र तो नियम लागू नाही: आज दिलेली मात्रा उद्याची ताकद कमी करत नाही आणि दुखणे वाढले तर मात्रा वाढवता येते, तिला ठरावीक कमाल मर्यादा नाही. हे मावशींना कोणीच सांगितले नव्हते. वेळांचा कागद रुग्णालयाने धाकट्या मुलाच्या हातात दिला होता; तो त्याच्या सदऱ्याच्या खिशात रानात जात होता आणि मावशींना वाचता येत नव्हते.

तिसरे कारण आबांनी स्वतः लिहिले. सिस्टरांनी पोट तपासले, तेव्हा ते फुगलेले आणि डाव्या बाजूला कडक लागले. सहा दिवस शौचाला झाली नव्हती. गोळी घेतली की पोट बांधते, हे आबांच्या ध्यानात आले होते आणि शौचालय अंगणाच्या टोकाला होते, तिथे दोघांच्या आधाराने जाण्याची त्यांना लाज वाटत होती. म्हणून मावशी नळीपाशी आल्या की ते मान फिरवत. मॉर्फिनमुळे येणारी मळमळ बहुधा आठवड्याभरात ओसरते, पण बद्धकोष्ठ ओसरत नाही; औषध चालू आहे तोवर रेचकही चालूच ठेवावे लागते. रेचक दिलेले होते, पण ते कसे दिले जात होते, ते सिस्टरांनी करून दाखवायला सांगितले. मावशींनी बिसाकोडिलची गोळी खलात कुटली आणि पाण्यात कालवली. त्या गोळीवरचे आवरण ती आतड्यात पोहोचेपर्यंत टिकावे म्हणून असते. कुटल्यावर ती जठरातच त्रास देते आणि आबांना गोळीनंतर पोटात पिळवटायचे ते त्यामुळे. नळी असलेल्या रुग्णाला ही गोळी लिहून देणे ही रुग्णालयाची चूक होती आणि ती रुग्णालयात कोणाच्या लक्षात आली नव्हती, कारण तिथे गोळी कुटताना कोणी पाहिलेच नव्हते. मॉर्फिनच्या साध्या गोळ्या मात्र कुटून नळीतून देता येतात. हळूहळू विरघळणाऱ्या, दीर्घ परिणामाच्या गोळ्या कधीही कुटू नयेत.

फोननंतर

अर्ध्या तासाचा पाऊण तास झाला. सिस्टरांनी फोनवर जे सांगितले, त्यात क्रम होता: प्रत्यक्ष घेतलेली मात्रा, ती देण्याची पद्धत, श्वासाचा वेग मिनिटाला अठरा, जाग पूर्ण, पोटाची अवस्था आणि शेवटी स्वतःचे मत, की मात्रा अपुरी आहे असे आज म्हणता येणार नाही, कारण ती अजून दिलीच गेलेली नाही. डॉक्टरांनी वाढीचा विचार मागे घेतला.

दोघांनी मिळून ठरवले, की पहिले दोन दिवस त्याच वेळांना, दिवसा चारदा अर्धी गोळी आणि रात्री दहाला एक द्यायची, म्हणजे एकूण तीस मिलिग्रॅमच, पण समान अंतराने. मधे कळ आली तर जादा अर्धी. तिसऱ्या दिवशी अंदाज घेऊन पूर्ण मात्रा. ही काळजी काहींना जास्तीची वाटेल. आबा रुग्णालयात साठ मिलिग्रॅमवर चांगले होते, तेव्हा सरळ तिथेच जाता आले असते, असे म्हणणारे डॉक्टर मला माहीत आहेत. पण रात्री त्या घरात पाहायला कोणी नव्हते आणि मावशींचा विश्वास पहिल्याच रात्री तुटू देणे परवडणारे नव्हते. बिसाकोडिल बंद करून सोडियम पिकोसल्फेट हे पातळ रेचक लिहिले गेले आणि त्याच दिवशी, सुनेला व नातवाला बाहेर पाठवून, पडवीला पडदा लावून, सिस्टरांनी एनिमा दिला. त्या कामाला तासभर लागला. त्यानंतर आबांनी पाटीवर 'आठ' लिहिले, एकही जादा गोळी न घेता.

वेळांचा कागद बदलून उपयोग नव्हता, म्हणून सिस्टरांनी वेळा घराला बांधल्या: सकाळचा चहा, भाकरी, दोनची एसटी जाते तेव्हा, दिवा लावताना, झोपताना. दोन वाट्या घेतल्या. रोज सकाळी एका वाटीत पाच चिंचोके टाकायचे आणि प्रत्येक वेळेला एक दुसऱ्या वाटीत. जादा गोळी दिली तर नातवाची एक गोटी. मग त्यांनी मावशींना उलट विचारले, की मी तुमच्या सुनेला काही सांगितलेले नाही, तिला तुम्हीच सगळे सांगा. मावशी सांगताना दोनदा चुकल्या, दोन्ही वेळा रात्रीच्या गोळीपाशी, आणि तिसऱ्या वेळी बरोबर सांगितले. कोणत्या खुणा दिसल्या तर पुढची गोळी न देता फोन करायचा, हेही त्यांच्याकडून वदवून घेतले: हाक मारून हलवल्यावरही जाग न येणे, श्वास फार संथ होणे, हातपाय झटकणे. रोज संध्याकाळी फोनवर त्या म्हणत, "पाच चिंचुकं, गोटी एक." या चार शब्दांतून पथकाला जेवढे कळे, तेवढे सुटीच्या छापील कागदातून कळले नव्हते. तिसऱ्या दिवशी पूर्ण मात्रा सुरू झाली आणि पाचव्या दिवशी आकडा चार आण्यांवर आला.

रुग्णाने मागण्याची वाट न पाहता ठरल्या वेळी औषध द्यावे, हा आज साधा वाटणारा नियम मुळात परिचारिकांच्या हातून आलेला आहे. सिसिली सॉन्डर्स १९४८ पासून लंडनमधील सेंट ल्यूक्स या संस्थेत स्वयंसेवक म्हणून जात, तेव्हा तिथल्या परिचारिका मरणासन्न रुग्णांना तोंडावाटे मॉर्फिन नियमित अंतराने देत होत्या आणि दुखू लागण्याची वाट पाहत नव्हत्या. सॉन्डर्स स्वतः आधी परिचारिका, मग समाजसेविका आणि नंतर डॉक्टर झाल्या. १९६७ मध्ये त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे मरणासन्न रुग्णांची काळजी घेणारी संस्था, उभे केले. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये कर्करोगाच्या वेदनेसाठी जी मार्गदर्शिका काढली, तिनेही घड्याळाप्रमाणे औषध द्यावे, हेच सांगितले. आपल्याकडे अडचण नियमाच्या अलीकडे आहे. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यामुळे मॉर्फिन मिळणे बराच काळ अवघड झाले. २०१४ च्या दुरुस्तीने ते सोपे करण्याचा प्रयत्न केला आणि महाराष्ट्राने २०१२ मध्ये स्वतःचे उपशामक सेवा धोरणही आणले. तरी मावशींच्या गावापासून गोळीचे अंतर एका पहाटेच्या एसटीएवढेच राहिले. युगांडात २००४ पासून प्रशिक्षित परिचारिका मॉर्फिन लिहून देऊ शकतात. भारतात ते शक्य नाही. या प्रकरणात सिस्टरांकडे तो अधिकार असता, तर सहीसाठीची पाऊणशे किलोमीटरची एक फेरी वाचली असती, एवढे नक्की. डबा मात्र तरीही उघडावाच लागला असता.

जखम, पाटी आणि ज्वारी

वासाचा प्रश्न वेदनेपेक्षा लवकर सुटला. अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक लहान चमचा मीठ, त्याने जखम धुणे, चिकटलेली पट्टी ओढून न काढता आधी भिजवणे, मेट्रोनिडॅझोल या जंतुनाशक औषधाच्या गोळ्यांची बारीक पूड जखमेवर टाकणे आणि जुन्या धोतराच्या घड्या प्रेशर कुकरमध्ये वाफवून, वाळवून पट्ट्या म्हणून वापरणे: एवढे सून दोन भेटींत शिकली. माश्या बसून अळ्या पडू नयेत म्हणून दिवसाही मच्छरदाणी लावली. आठवड्याने अंथरूण माजघरात परत आले. मानेतून मोठा रक्तस्राव होऊ शकतो, याची कल्पना सिस्टरांनी धाकट्याला एकट्याला बाजूला घेऊन दिली आणि गडद रंगाचे दोन टॉवेल उशाशी ठेवायला सांगितले, म्हणजे रक्त तितके अंगावर येत नाही. ते टॉवेल शेवटपर्यंत लागले नाहीत.

आबांना काही सांगायचे नाही, असे थोरल्याने पहिल्याच दिवशी बजावले होते. आपल्याकडे हे घराघरांत होते आणि त्यामागे माया असते. सिस्टरांनी ते मोडलेही नाही आणि पाळण्याचे वचनही दिले नाही. विचारल्याशिवाय मी काही सांगणार नाही, पण विचारले तर खोटे बोलणार नाही, असे त्या म्हणाल्या. तिसऱ्या भेटीत आबांनी पाटी पुढे केली: 'किती दिवस?' या क्षणी अनेक परिचारिका 'डॉक्टरांना विचारा' म्हणून सुटका करून घेतात, आणि कितीही वर्षांचा अनुभव असला तरी ते वाक्य ओठांवर येतेच. सिस्टर खाटेच्या कडेला बसल्या आणि तुम्हाला काय वाटते, असे त्यांनी विचारले. आबांनी लिहिले, 'ज्वारी निघेपर्यंत?' तेव्हा रानात हुरडा आला होता. काढणीला महिना-सव्वा महिना होता. सिस्टर म्हणाल्या, "आबा, तिथवर जाल की नाही हे मला सांगता येत नाही. जे बोलायचं असेल ते काढणीवर ठेवू नका."

आबांनी पाटी पुसली आणि एक आकडा व गावातल्या एकाचे नाव लिहिले. विहिरीच्या वेळी घेतलेले हातउसने पैसे होते, कागद नव्हता आणि मुलांना माहिती नव्हती. आपण गेल्यावर तो माणूस दारात येईल आणि मुले त्याला खोटे ठरवतील, याचा घोर त्यांना होता. सॉन्डर्स यांनी शरीराच्या, मनाच्या, नात्यांच्या आणि श्रद्धेच्या दुखण्याला मिळून 'संपूर्ण वेदना' असे नाव दिले होते. या घरात तिचा एक भाग काही हजार रुपयांचा होता. शनिवारी थोरला आला, तेव्हा सिस्टरांनी समाजसेविकेला सोबत नेले. त्या दोघी फक्त बसून राहिल्या; पाटी बापाकडून मुलाकडे गेली. थोरला ती वाचून उठला आणि बराच वेळ गोठ्यापाशी उभा होता. लपवाछपवी तिथे संपली. रविवारी पैसे फिटले.

शेवट आणि त्यानंतर

पुढचे पाच आठवडे तुलनेने शांत गेले. मात्रा एकदा, पंधरा मिलिग्रॅमवर, वाढवावी लागली आणि त्या वेळी ती खरोखरच अपुरी पडत होती. गावच्या उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना सिस्टरांनी दोन भेटींत सोबत घेतले. शेवटच्या तीन दिवसांत आबा शुद्धीवर कमी राहू लागले, पेज पोटात राहीना आणि उपाशी ठेवायचे कसे, हा प्रश्न सुनेने विचारला. शरीर आता अन्न मागत नाही, घातले तर ते छातीत जाऊन त्रास होईल, ओठ ओले ठेवणे हीच आता सेवा, असे सांगितले गेले. छातीच्या कातडीखाली बारीक सुई बसवून मॉर्फिन आणि घशातली घरघर कमी करणारे ग्लायकोपायरोलेट दिले. ते गेले तेव्हा दोन्ही मुले घरात होती. ज्वारी अजून उभी होती.

दहाव्यानंतर सिस्टर भेटीला गेल्या. उरलेले मॉर्फिन मोजून रुग्णालयात परत करावे लागते, म्हणून डबा पुन्हा काढला गेला. मोजता मोजता मावशींनी विचारले, "मी पयल्यांदा गोळ्या मागं टाकल्या, त्या नऊ दिवसांत त्यास्नी लई दुखलं असंल न्हवं?"

'नाही' म्हणणे सोपे होते आणि मावशींनी त्यावर विश्वास ठेवला नसता. पाटीवरचा चौदाचा आकडा त्यांनीही पाहिला होता. सिस्टर म्हणाल्या, "दुखलं, मावशी. पण गोळी कशी द्यायची ते तुम्हाला सांगणं आमचं काम होतं आणि ते आम्ही तुम्हाला नाही, कागदाला सांगितलं." मावशी काही बोलल्या नाहीत. त्यांनी शेवटची स्ट्रिप स्वतः उलटी धरून गोळ्या मोजल्या.

त्या महिन्याच्या बैठकीत सुटीच्या कागदावरची 'समुपदेशन केले' ही ओळ काढून टाकण्यात आली. तिच्या जागी दोन रकाने आले: औषध प्रत्यक्ष कोण देणार, आणि त्या व्यक्तीने ते स्वतःच्या शब्दांत कसे सांगितले. दुसरा रकाना भरायला वेळ लागतो, अशी तक्रार रुग्णालयाच्या वॉर्डातून आली आणि ती खरी आहे; एका रुग्णामागे पंधरा-वीस मिनिटे जातात. आबांच्या भेटीच्या शेवटच्या नोंदीत सिस्टरांनी मावशींचा प्रश्न आणि आपले उत्तर दोन्ही जसेच्या तसे लिहिले; त्यासाठी फॉर्मवर जागाच नव्हती, म्हणून ते मागच्या पानावर गेले. पुढच्या पानावर एवढेच आहे: मॉर्फिन दहा मिलिग्रॅम, शिल्लक गोळ्या ३८, परत घेतल्या, धाकट्या मुलाची सही आणि शेजारी मावशींचा अंगठा.